पुंजा बोराडे यांचा डावा कान

सदर कर्मचारी श्री. पुंजा नामदेव बोराडे, वय सेवापुस्तकाप्रमाणे त्रेपन्न, उंची पाच फूट चार इंच, वर्ण गव्हाळ, ओळखीची खूण उजव्या भुवईवर जुना व्रण, हे निफाड तालुक्यातील एका कांदा उपबाजार आवारात लिलाव पुकारण्याच्या कामी सव्वीस वर्षे कार्यरत असून त्यांचे दोन्ही कान जागेवर आहेत. पैकी उजवा कान चालू स्थितीत असून डावा केवळ शोभेपुरता आहे. उक्त डाव्या कानाच्या आतील तोलाचा अवयव नाशिक मुक्कामी शस्त्रक्रियेद्वारे कायमचा काढून टाकण्यात आला असून सदर प्रक्रियेत आवाराच्या मालमत्तेचे कोणतेही नुकसान झालेले नाही. वर्तणूक: समाधानकारक. व्यसन: तपासले, आढळले नाही.

उपबाजाराचं नाव इथं देत नाही. बाजार समितीची निवडणूक तोंडावर आहे आणि कोणतंही नाव कोणाच्या तरी विरोधात जाईल. व्यसनाची नोंद सेवापुस्तकात कशी आली ते मात्र सांगायला हवं. त्यासाठी आधी पुंजाचं काम काय ते कळलं पाहिजे.

कांद्याच्या लिलावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या असतात आणि व्यापाऱ्यांचा जथा एका ट्रॉलीकडून दुसरीकडे सरकत जातो. पुकारणारा ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर चढतो. एक पाय चार बोटं रुंदीच्या लोखंडी कडेवर, दुसरा कांद्यावर. खाली दोन्ही बाजूंना वीस-बावीस व्यापारी, ज्याची त्याची जागा ठरलेली. आकडा सुरू होतो, चढतो, कुठंतरी थांबतो. बाहेरच्या माणसाला वाटतं की पुकारणाऱ्याचं काम ओरडण्याचं आहे. ओरडायला भोंगा लावला तरी भागेल. पुकारणाऱ्याचं काम शेवटचा आकडा कोणाच्या तोंडून निघाला ते ओळखून त्याचं नाव घेणं. नाव घेतलं की माल त्याचा. एका ट्रॉलीला मिनिटसुद्धा लागत नाही.

आता यात एक अडचण आहे, आणि ती त्या यार्डात कोणालाच अडचण वाटत नाही. व्यापारी हात वर करत नाहीत. हात वर करणं हे शाळेतलं काम समजलं जातं. भाव बोलताना मालाकडे बघणं हा तर शुद्ध कच्चेपणा. मुरलेला व्यापारी फोनमध्ये बघत, नाहीतर शेजाऱ्याशी लग्नाच्या पत्रिकेवर बोलत, मध्येच वाढीचा एक शब्द टाकतो. "वीस." "पाच." बाजूला ट्रॅक्टर धडधडत असतो, मागं हमाल ओरडत असतात. त्या गलक्यातून तो एक शब्द उचलून त्याच्या मालकाला चिकटवायचा. सव्वीस वर्षांत पुंजानं चुकीचं नाव किती वेळा घेतलं असं विचारलं तर लोक चार वेळा सांगतात. पुंजा दोन सांगतो.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळी कांद्याच्या आवकेत पुंजाच्या डाव्या कानात आवाज सुरू झाला. भिंतीपलीकडं पिठाची गिरणी चालू असावी तसा. महिनाभर त्यानं गिरणीकडं लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी, अकराव्या ट्रॉलीवर, आकडा बाराशे ऐंशीवर असताना यार्ड फिरायला लागलं. शेड, निंबाचं झाड, बावीस व्यापारी, सगळं एका दिशेनं निघालं. पुंजा कांद्यावर बसला, फाळका दोन्ही हातांनी धरला आणि ओकला.

ट्रॉलीचा मालक खाली उभा होता. तो म्हणाला, "नाना, माल नवा हाय."

पुंजाला खाली उतरवून शेडमध्ये निजवलं. दोन तास त्याला डोळे उघडता आले नाहीत. उघडले की शेड निघायची. सचिवसाहेब ऑफिसातून आले. हा माणूस नियमाचा. त्यांनी वाकून पुंजाच्या तोंडाचा वास घेतला, काही मिळालं नाही, म्हणून शेजारच्या क्लार्कला घ्यायला लावला. त्यालाही मिळाला नाही. मग ग्रामीण रुग्णालयातून 'मद्याचा वास नाही' असा दाखला आणवला आणि तो सेवापुस्तकाला लावला. यार्डाचं समाधान दाखल्यानं झालं नाही.

"वायनरीतली आसंल," चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं. "भारीच्या मालाला वास नस्तो."

पुंजानं आयुष्यात सोड्याची बाटलीसुद्धा अर्धीच प्यायली होती. पण डुलणाऱ्या माणसाकडे निफाड तालुक्यात बघायची एकच पद्धत आहे.

पुढचं वर्ष निदानांत गेलं. गावातल्या डॉक्टरांनी पित्त सांगितलं. पिंपळगावच्या डॉक्टरांनी मणक्यात गॅप सांगितला आणि गळ्यात पट्टा दिला. पट्टा घालून पुंजा तीन महिने सगळ्या जगाकडे नाक वर करून बघत होता, त्यामुळे काही नातेवाईक दुरावले. सटाण्याला एक जण मान झटकून चक्कर उतरवतो असं कळलं, तिथंही तो जाऊन आला. त्या गृहस्थानं "काही नही, शीर दबायेल शे," म्हणत मान दोन्हीकडं झटकली. परतीच्या गाडीत पुंजाला चक्कर आली. ती नेहमीचीच होती की झटक्याची, हे कळायला मार्ग नव्हता.

शेवटी त्याची बायको आशाबाई त्याला नाशिकला घेऊन गेली. द्वारकेजवळ एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डॉ. तेजस्विनी म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टर बसतात. त्यांनी पुंजाला एका बंद खोक्यात बसवलं, कानांना टोप्या लावल्या आणि बारीकबारीक आवाज सोडले. उजव्या कानानं सगळे ऐकले. डाव्यानं निम्म्याहून जास्त सोडून दिले. आजाराला एका फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे. पुंजानं ते विचारून कागदावर लिहून घेतलं आणि नंतर त्याला ते वाचता आलं नाही.

"कानाच्या अगदी आत तीन बारीक वाकड्या नळ्या असतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात पाणी असतं. आपण हललो की ते हलतं, त्यावरून मेंदूला तोल कळतो. तुमच्या डाव्या कानात त्या पाण्याचा दाब वाढतो."

"म्हंजे ठिबकची नळी फुगती तसं."

"तसंच."

"मंग ते बारीक बटन दाबून पाणी काढून टाकता यील ना."

"आधी गोळ्यांनी बघू. आणि मीठ कमी."

मीठ कमी म्हणजे लोणचं, पापड, ठेचा, फरसाण, सगळं गेलं. आशाबाईनं घरात सगळ्यांचंच मीठ कमी केलं आणि पुंजाच्या आजाराबद्दल घरात पहिल्यांदा खरी हळहळ निर्माण झाली. आठ महिने गोळ्या झाल्या. कानाच्या पडद्यातून आत औषध सोडायची इंजेक्शनं झाली. चक्कर महिन्यातून एकदा यायची ती आठवड्यातून एकदा यायला लागली.

दरम्यान समितीनं पुंजाला फाळक्यावरून उतरवून गेटवर बसवलं. येणाऱ्या ट्रॉलीला रांगेचा नंबर द्यायचा. पुकारायला वजनकाट्यावरचा मनोज आला. मनोज चाळिशीचा, आवाजाला दणकट, आणि रोज दोन-तीन नावं चुकवणारा. कुणी काही म्हणालं नाही, कारण मनोजला चक्कर येत नव्हती.

गेटवर पगार तोच होता आणि खुर्चीही होती. पण पुंजाला फाळका हवा होता. सव्वीस वर्षं तालुक्यात त्याची ओळख 'पुकारणारे नाना' अशी होती. त्याच्या तोंडून नाव निघालं की माल हलायचा. गेटवर त्याला लोक दिवसभर एकच विचारत. "नाना, मुतारी कुठं हाय?" तो हातानं दाखवायचा. इथं दिशा विचारून नंतर कोणी वांधा करत नव्हतं, एवढंच बरं. वांधा म्हणजे लिलावानंतरची तक्रार. माल माझा नाही, भाव माझा नाही, मी बोललोच नाही. त्यासाठी यार्डात वेगळी समिती आहे आणि तिला कधी काम कमी पडलेलं नाही.

डॉ. तेजस्विनींनी शेवटी ऑपरेशनचं काढलं. पुंजा आणि आशाबाई समोर बसले होते.

"दोन मार्ग आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "एकात आतल्या पाण्याची एक पिशवी असते, ती मोकळी करायची. ऐकणं राहायची शक्यता जास्त. चक्कर जाईलच असं सांगता येत नाही. काहींची जाते, काहींची वर्षाभरात परत येते."

"आन् दुसरा?"

"दुसऱ्यात कानामागून जाऊन, हाड कोरून, त्या नळ्या उघडायच्या आणि आतला तोलाचा भाग काढून टाकायचा. चक्कर जवळपास नक्की जाते. पण त्या कानाचं ऐकणं संपतं. पूर्ण."

"मधली कायतरी वाट आसंल ना."

"आहे. ऐकण्याची नस ठेवून फक्त तोलाची नस कापायची. त्यासाठी डोकं उघडावं लागतं. मेंदूचे सर्जन लागतील."

"ती ऱ्हाऊ द्या," आशाबाई म्हणाली.

पुंजा बराच वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या कानाकडे बघत होता. तो कान ताटाएवढा होता आणि त्याचे भाग निघत होते.

"तोलाचा भागच काढला तर मी उभा कसा ऱ्हायचा?"

"तुमचा डावा कान मेंदूला खोट्या बातम्या पाठवतोय. त्या बंद केल्या की मेंदू उजव्या कानावर आणि डोळ्यांवर काम चालवायला शिकतो. दोन-तीन महिने लागतात."

"म्हंजे पेपर बंद करायचा."

"कायमचा."

"आन् भाव कोन बोललं ते कळंल का?"

डॉक्टरांना त्याचं काम माहीत नव्हतं. त्यांनी ते विचारून घेतलं, ट्रॉली, फाळका, बावीस माणसं.

"आवाज ऐकू येईल," त्या म्हणाल्या. "कुठून आला ते कळायला दोन कान लागतात. गोंगाटातून एक माणूस वेगळा काढायलाही दोन लागतात. डावीकडचा आवाज उजवीकडे आणून देणारं यंत्र मिळतं. पण तो आवाज कोणत्या बाजूचा होता, ते तेही सांगत नाही."

म्हणजे एका ऑपरेशननं फाळक्यावर कदाचित उभं राहता आलं असतं आणि ऐकता आलं असतं. दुसऱ्यानं नक्की उभं राहता आलं असतं आणि उभं राहून काय करायचं हा प्रश्न राहिला असता. पुंजानं आठ दिवस मागून घेतले. सातव्या दिवशी तो गेटवरच पडला. डोकं लोखंडी पाइपाला लागता लागता राहिलं.

"घ्या आता दोन्ही कान घिऊन," आशाबाई संध्याकाळी म्हणाली. "तिरडीवर टोपी नीट बसंल."

ऑपरेशन पावणेतीन तास चाललं. नंतरचे तीन दिवस खोली सतत उजवीकडे फिरत राहिली आणि पुंजा पलंगाच्या कडेला धरून डावीकडे कलत राहिला. चौथ्या दिवशी त्याला भिंतीला धरून उभं केलं. भिंत सोडली की पाय डावीकडे जायचे. नर्सनं पॅसेजमध्ये फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं. घरी आल्यावर अंगठा समोर धरून, त्यावरची नजर न हलवता, डोकं हलवायचं, असा व्यायाम दिवसातून पाच वेळा. शेजारच्या लोकांना पुंजा अंगठा दाखवून नाही-नाही म्हणत बसलेला दिसायचा. ते विचारत नव्हते. नंतर बांधावरून चालणं, मग द्राक्षाच्या बागेत ढेकळांवरून चालणं. चक्कर मात्र परत आली नाही. गिरणीचा आवाज कमी झाला, पूर्ण गेला नाही. डावा कान जागच्या जागी होता आणि त्यात काहीच शिरत नव्हतं.

चार महिन्यांनी 'कामावर रुजू होण्यास हरकत नाही, उंचीवर काम करताना काळजी घ्यावी' असा दाखला घेऊन तो यार्डात आला. सचिवसाहेबांनी दाखला दोनदा वाचला आणि फाळका उंचीत मोडतो का, हे ठरवायला टेप मागवला. फाळका साडेचार फूट भरला. साडेचार फूट म्हणजे उंची की नव्हे याबद्दल नियमात काही नव्हतं. पुंजाला चढू दिलं.

तो उभा राहिला. फाळक्यावर, नजर समोरच्या शेडच्या खांबावर ठेवून, एकदम सरळ. खाली टाळी वाजली, ती कोणी वाजवली हे त्याला कळलं नाही.

लिलाव सुरू झाला. पहिल्या तासात पुंजानं सात ट्रॉल्यांना ललितशेठचं नाव घेतलं. ललितशेठ उजव्या बाजूला पुढं उभे असतात. पुंजाच्या दृष्टीनं आता सगळं जग उजवीकडून बोलत होतं, आणि उजवीकडं पहिला माणूस ललितशेठ. सातांपैकी तीन ट्रॉल्या त्यांनी खरंच घेतल्या होत्या.

"नाना," ललितशेठ म्हणाले, "माझ्यावर येवढं प्रेम कधीपास्नं?"

चार वांधे झाले. दुसऱ्या दिवशी पुंजा पुन्हा गेटवर. सचिवसाहेबांनी त्याला पंधरा दिवस दिले. पंधरा दिवसांत काम जमतंय असं दिसलं तर फाळका, नाहीतर निवृत्तीपर्यंत गेट.

पुंजानं घरी सराव सुरू केला. अंगणाच्या मागं कांदा साठवायची चाळ आहे. लांब, पट्ट्यांच्या भिंतींची, आतून बाहेरचं अर्धंमुर्धं दिसणारी. पुंजा चाळीच्या मधोमध उभा राहायचा आणि आशाबाई बाहेरून चालत, कुठूनही, भाव बोलायची. पाण्याची मोटार चालू ठेवायची, म्हणजे यार्डासारखा गलका.

"पंधराशे," आशाबाई म्हणाली.

पुंजानं उजवीकडं बोट केलं.

"मी हिकडं हाय. तुम्ही शेळीला कांदा इकला."

"परत बोल."

"पंधराशे वीस."

त्यानं पुन्हा उजवीकडं बोट केलं.

"शेळीनंच वाढवला जणू," आशाबाई म्हणाली.

तीन दिवस शेळीनं बराच माल घेतला. चौथ्या दिवशी पुंजाचं सलग पाच वेळा बरोबर आलं. आशाबाईला वाटलं कान परत आला. पुंजानं खरं सांगितलं. भाव बोलायच्या आधी ती पदर खांद्यावर सारते, आणि चाळीच्या पट्ट्यांमधून तेवढा रंग हललेला दिसतो. कानानं फक्त आकडा घेतला होता. माणूस डोळ्यानं घेतला होता.

"म्हंजे ही चोरी झाली," आशाबाई म्हणाली.

"डॉक्टरीनच म्हनल्या व्हत्या डोळ्यावर काम चालवायला."

उरलेले अकरा दिवस पुंजा गेटवरची खुर्ची सोडून, मनोज पुकारत असताना खाली उभा राहिला आणि व्यापाऱ्यांकडे बघत बसला. सव्वीस वर्षं तो त्यांचं ऐकत होता. बघितलं कधी नव्हतं. ललितशेठ भाव बोलायच्या आधी चष्मा वर ढकलतात. ज्योत्स्नाताई, नवऱ्यामागं त्यांचा परवाना चालवणाऱ्या एकट्या बाई, हातातला कांदा खाली टाकतात. एक जण श्वास घेतो आणि पोट पुढं येतं. फोनमध्ये बघणारे बोलायच्या क्षणी फोनमध्ये बघणं थांबवतात. नजर स्क्रीनवरच असते, पण अंगठा थांबतो. सगळ्यात अवघड सावळीरामशेठ. ते काहीच करत नव्हते. दोन दिवसांनी पुंजाच्या ध्यानात आलं की बावीस जणांत सतत काहीतरी करणारे तेच होते, तंबाखू मळत होते, आणि बोलायच्या आधी तेवढं मळणं थांबायचं.

सोळाव्या दिवशी पुंजा फाळक्यावर चढला आणि त्या दिवशी चाळीस ट्रॉल्यांत एकही नाव चुकलं नाही. त्या आठवड्यात एक चुकलं. ज्योत्स्नाताईंच्या हातून कांदा आपोआप पडला होता. त्यांनी तो माल घेऊन टाकला.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण पुंजा आता बघत होता, आणि बघितलं जाणं कोणालाच आवडत नाही. सावळीरामशेठची एक जुनी रीत होती. भाव चढवायचा, माल हातात घेऊन नीट बघायचा, पटला नाही की म्हणायचं, "मी कुठं बोललो? पलीकडनं आवाज आला." पलीकडं कोणीतरी असायचंच. आता ते "पलीकडनं" म्हणाले की पुंजा वरून सांगायचा, "शेठ, तुमची तंबाखू थांबली व्हती." लोक हसायचे. तीन वेळा हसले. चौथ्या दिवशी सावळीरामशेठचा लेखी अर्ज आला: एका कानाने बहिऱ्या कर्मचाऱ्याकडून लिलाव पुकारून घेणे हे लिलावाच्या पावित्र्यास बाधक असून, त्याची श्रवणक्षमता तपासण्यात यावी.

अर्ज नियमात बसत होता. सचिवसाहेबांनी शनिवारी, लिलाव बंद असतो त्या दिवशी, चाचणी ठेवली. तपासणी समिती तिघांची: सचिव, व्यापाऱ्यांतर्फे ललितशेठ, आणि नोंदी घ्यायला मनोज. दहा बोली होतील, दहापैकी आठ नावं बरोबर आली पाहिजेत. खऱ्या लिलावासारखी परिस्थिती असावी म्हणून दोन ट्रॅक्टर चालू ठेवायचे. आणि कर्मचारी फक्त कानावर काम करतो हे सिद्ध व्हावं म्हणून त्याचे डोळे बांधायचे.

पुंजानं हे ऐकलं तेव्हा तो फाळक्यावर चढलेला होता.

"सायब, डोळे बांधले तर मी पडंन."

"पडण्याचा आणि ऐकण्याचा काय संबंध?" सचिवसाहेब म्हणाले.

पुंजानं तो संबंध शिकायला दोन वर्षं आणि एक ऑपरेशन घालवलं होतं. एवढं तिथं सांगत बसणं शक्य नव्हतं. मनोजनं वर चढून त्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं. गाठ बसली आणि पुंजा डावीकडे कलला, सावकाश, भरलेला कांद्याचा ढीग सरकतो तसा. मनोजनं त्याला कमरेला धरलं, खालून दोघांनी पाय धरले. मग प्लास्टिकची खुर्ची आणली आणि त्याला खाली जमिनीवर बसवलं. खुर्चीत बसूनही तो हातांनी खुर्ची धरून होता.

व्यापारी आपापल्या जागी उभे राहिले. ट्रॅक्टर चालू झाले. पत्र्याच्या शेडमध्ये दोन ट्रॅक्टर म्हणजे आठ वाटतात.

"वीस," कोणीतरी म्हणालं.

"ललितशेठ," पुंजा म्हणाला. चूक.

"पाच."

"ललितशेठ." बरोबर.

"वीस."

पुंजानं उजवा कान पुढं केला. उपरण्याखाली त्याचे डोळे हलत असलेले दिसत होते. "ज्योत्स्नाताई," तो म्हणाला. त्या नव्हत्या.

दहा झाल्या. चार बरोबर आल्या, त्यातल्या तीन ललितशेठच्या. मनोजनं लिहून घेतलं. सावळीरामशेठ तंबाखू मळत होते. पुंजानं स्वतःच उपरणं सोडलं, घडी घातलं आणि गेटकडं बघितलं. तिथं त्याची जुनी खुर्ची होती.

"जमलं नाय," तो म्हणाला. कोणालाही उद्देशून नाही.

ललितशेठनी चष्मा वर ढकलला.

"सायब, आता तुमी बसा."

"मी कशाला?"

"यंत्र तपासताना आधी चांगला माल घालून बघत्यात. काटा बरोबर हाय का ते कळतं. तुमचे दोन्ही कान चांगले हायेत ना?"

सचिवसाहेब नियमाचे माणूस. काटा तपासायला नाही म्हणता येत नाही. ते खुर्चीत बसले, मनोजनं उपरणं बांधलं, ट्रॅक्टर पुन्हा चालू झाले. बोली लागायला लागल्या. पहिल्याच बोलीला सचिवसाहेबांनी मान दोन्हीकडं फिरवली आणि एका व्यापाऱ्याचं नाव घेतलं जे गेल्या वर्षी वारले होते. दहा झाल्यावर मनोजनं आकडा सांगितला. तीन. सचिवसाहेबांनी तो परत मोजायला लावला. तीनच.

"गोंगाट फार आहे," ते म्हणाले.

"रोज आस्तोच," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

तरीही निकष निकष होता आणि पुंजाचे आठ आले नव्हते. अहवाल त्याच दुपारी ऑफिसात टाइप झाला. मसुद्यात लिहिलं होतं की उक्त कर्मचारी लिलाव पुकारण्यास अपात्र आहे. ललितशेठनी सही करायच्या आधी तो वाचला, आणि ते म्हणाले की चाचणी कशी झाली ते लिहिल्याशिवाय आपण सही करणार नाही. उद्या कोणी कोर्टात गेलं तर तीन सह्यांमध्ये आपली एक असेल. सचिवसाहेबांना हे पटलं. परिस्थितीचा उल्लेख नसलेला अहवाल त्यांच्या हातून कधी गेला नव्हता. त्यांनी स्वतःच्या हातानं दोन शब्द घातले, आणखी तीन घातले, आणि पुन्हा टाइप करायला दिला. सावळीरामशेठ तोवर घरी गेले होते. निकाल लागला असं त्यांनी टपरीवर सांगूनही टाकलं होतं.

पुंजा गेटवरच्या खुर्चीत बसून होता. ललितशेठनी जाताना गाडीची काच खाली केली.

"नाना, सोमवारी लवकर या. लाल कांदा लय येणार हाय."

"मी तर नापास हाय ना शेठ."

"ते खरं हाय," ललितशेठ म्हणाले. "कागद वाचा तेवढा."

अहवालाची प्रत सूचना फलकावर अजून आहे. तिच्यातला शेवटचा परिच्छेद असा: 'सबब, तपासणी समिती एकमताने असा निष्कर्ष नोंदवीत आहे की, उक्त कर्मचारी श्री. पुंजा नामदेव बोराडे हे दोन्ही डोळे पूर्णतः बांधलेल्या अवस्थेत लिलाव पुकारण्यास अपात्र असून, सदर अवस्थेत त्यांना लिलावाच्या कामावर नेमण्यात येऊ नये. या आदेशाची अंमलबजावणी येत्या सोमवारपासून करण्यात यावी.'

सोमवारी साडेनऊला घंटा झाली आणि पुंजा पहिल्या ट्रॉलीच्या फाळक्यावर चढला. यार्डात कोणाचेही डोळे बांधलेले नव्हते.